तुमच्या ऑनलाइन गेममध्ये मेंढीकोटचं टेबल कसं लावायचं (नवख्या पोट्ट्यांसाठी)

हे त्यांच्यासाठी लिहून राहिलो ज्यांचा छोटासा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम आधीच चालू आहे. म्हणजे लॉगिन होते, पात्रं फिरतात, चॅट आहे, रोजचे वीस-तीस लोक येतात, अन् आता तेच लोक म्हणून राहिले की भाऊ राक्षस मारून मारून कंटाळा आला, गेममधल्या सराईत (धर्मशाळेत) बसून खेळायला काहीतरी टाक ना. बरोबरच आहे त्यांचं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कोणी बाहेर निघते का, कूलरसमोर चटई टाकून पत्तेच कुटतात, तशी दुपार तुमच्या गेममध्ये पण पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगतो. खेळाचे नियम कोड करणं सोपं काम आहे. सगळा वेळ जातो तो टेबलात: कोण बसलं, कोण उठून गेलं, कोणाचं नेट गेलं, कोणाला काय दिसलं पाहिजे, जिंकल्यावर काय मिळते. म्हणून खाली नियमांवर कमी अन् टेबलावर जास्त बोललो आहे.

पायरी १: खेळ निवडा, अन् पहिला खेळ पत्त्यांचा नको

सगळ्यांना डायरेक्ट पत्ते पाहिजे असतात. माझं म्हणणं, पहिले वाघ-बकरी करा. पेंच-ताडोब्याच्या वाटेवर राहणाऱ्यांनी वाघापासून सुरू नाही करायचं तर कोणी करायचं! पण खरं कारण वेगळं आहे, त्यात लपवायचं काही नसते अन् नशीब पण नसते, सगळं दोघांनाही दिसते. म्हणजे टेबल, पाळी, टायमर, हार-जीत एवढंच आधी नीट बसवता येते, पत्ते पिसायची अन् लपवायची डोकेदुखी नंतर.

वाघ-बकरीचे बरेच प्रकार आहेत, त्यातला नेपाळचा बाघचाल कोड करायला सगळ्यात सोपा. ५ बाय ५ म्हणजे २५ ठिकाणं, ४ वाघ चार कोपऱ्यांत, २० बकऱ्या हातात. बकरीवाला एकेक बकरी ठेवत जातो, सगळ्या ठेवून होत नाही तोवर ठेवलेली बकरी हलवता येत नाही. वाघ बाजूच्या बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या जागी उडी मारून तिला खातो. ५ बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला, चारही वाघ अडकले की बकऱ्या जिंकल्या. आडव्या-उभ्या रेषा सगळीकडे आहेत, पण तिरप्या रेषा फक्त तिथेच जिथे ओळ अधिक स्तंभ ही बेरीज सम येते. हे एका ओळीत कोड होते, अन् लोक इथेच फसतात, सगळीकडे तिरपं जाऊ देतात अन् मग वाघ अडकतच नाही.

मग दुसरा खेळ मेंढीकोट. तीन पत्ती नको, रमी पण नको, ते काहून ते पैशाच्या पायरीत सांगतो. मेंढीकोट चौघांचा, दोन-दोन भिडू, घरोघरी येतो, अन् हिंदीवाल्यांना दहला पकड म्हणून जवळपास तोच खेळ माहीत आहे, म्हणजे नागपुरात शिकवायचं काम अर्धं संपलं. मोठ्या गेमवाल्यांनी दोन्ही रस्ते वापरले आहेत. फायनल फँटसी आठमध्ये १९९९ ला ट्रिपल ट्रायड नावाचा पत्त्यांचा खेळ त्यांनी स्वतःच बनवला, अन् फायनल फँटसी चौदामध्ये २०१९ ला सरळ माहजाँग आणलं जे जपानात लोकांना आधीच येते. स्वतःचा नवा खेळ बनवायला मजा येते हे मान्य, पण त्याचा समतोल साधता साधता तुमचा मूळ गेम बाजूला राहतो. पहिल्या वेळी लोकांना येणारा खेळच घ्या.

पायरी २: कॉम्प्युटर बंद करा अन् खरा कॅट घेऊन बसा

चार जण बसवा, खेळा, अन् जिथे जिथे भांडण होते ते वहीत लिहा. महालातला मेंढीकोट वेगळा, इतवारीतला वेगळा, पुण्याहून आलेल्या जावयाचा तर अजूनच वेगळा. मूळ गोष्टी साऱ्यांच्या सारख्या: ५२ पानं, प्रत्येकाला १३, आधी ५-५ मग दोनदा ४-४ वाटायची, एक्का सगळ्यात मोठा, उतारीचं पान (म्हणजे पहिल्यानं ज्या रंगाचं टाकलं त्याच रंगाचं) असेल तर तेच टाकावं लागते, अन् खरी किंमत दश्श्यांची. तीन किंवा चार दश्श्या ज्यांच्याकडे ते जिंकले, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात (चार पानांची एक फेरी म्हणजे एक हात) ७ किंवा जास्त ते. चारही दश्श्या ओढल्या की मेंढीकोट.

पण हुकूम कसा ठरतो? कट हुकूम म्हणजे ज्याच्याकडे पहिल्यांदा उतारीचं पान नसते त्यानं जे पान टाकलं त्याचा रंग हुकूम. बंद हुकूम म्हणजे एक पान आधीच उलटं झाकून ठेवलेलं, अन् कोणी अडला की ते उघडायचं. आता उघडणं सक्तीचं की मर्जीचं, उघडल्यावर त्याच हातात हुकूम मारावाच लागते की नाही, ते झाकलेलं पान कोणाच्या हातात परत जाते, हरल्यावर पत्ते कोण वाटणार, या सगळ्याची उत्तरं आधी ठरवा. माणसं टेबलावर वाद घालून मार्ग काढतात, सर्व्हर वाद नाही घालत, तो सरळ अडकून बसतो. सुरुवातीला कट हुकूमच घ्या, त्यात चाल एकाच प्रकारची राहते: पान टाकणे. बास.

पायरी ३: नियमांचं इंजिन वेगळं ठेवा

इंजिन म्हणजे एक फंक्शन. त्याला आत्ताची स्थिती द्या अन् चाल द्या, त्यानं नवी स्थिती तरी द्यावी नाहीतर नकार अन् कारण द्यावं. त्यात चित्र नाही, आवाज नाही, डेटाबेस नाही, घड्याळ नाही, पत्ते पिसणं पण नाही, पिसलेला कॅट बाहेरून द्यायचा. एवढं वेगळं ठेवलं की गेम पायथॉनमध्ये असो की नोडमध्ये (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट), टेस्ट करणं एकदम सोपं होते.

पत्त्यांसाठी मोठे क्लास बनवत बसू नका. ० ते ५१ आकडे घ्या, १३ नं भाग दिला की भागाकार म्हणजे रंग अन् बाकी म्हणजे पान. दुर्री ० धरली तर दश्शी ८ वर येते अन् एक्का १२ वर, तुलना आपोआप बरोबर होते. स्थितीत काय पाहिजे: चौघांच्या हातातली पानं, टेबलावरची पानं, उतारी कोणाची, हुकूम काय किंवा अजून ठरला नाही, प्रत्येक बाजूनं जिंकलेले हात अन् दश्श्या, पाळी कोणाची, अन् चालीचा नंबर. या शेवटच्या नंबरवर पुढे परत येतो, तो विसरू नका.

दुसरं एक फंक्शन लिहा जे सांगेल की या खेळाडूला आत्ता कोणत्या चाली चालतात. याच्या भरवशावर तुमची स्क्रीन चालणार, तुमचा बॉट (माणसाऐवजी खेळणारा प्रोग्राम) चालणार अन् तुमची टेस्ट पण चालणार. बाघचालमध्ये अजून एक टाका: तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की बरोबरी. नाहीतर दोन हट्टी लोक रात्रभर वाघ पुढे-मागे करत बसतील.

सगळं स्वतः लिहायचं नसेल तर बोर्डगेम डॉट आयओ नावाची फुकट लायब्ररी आहे जावास्क्रिप्टवाल्यांसाठी, पाळी अन् लपलेली माहिती या दोन्हीची सोय त्यात आहे. खोल्या-टेबलं सांभाळायला नोडवर कॉलिसिअस आहे. टेक्स्ट गेम असेल अन् पायथॉन येत असेल तर एव्हेनिया पहा. पण पहिलं बाघचाल हातानंच लिहा असं माझं मत आहे, नाहीतर लायब्ररी नेमकं काय करून राहिली ते समजत नाही.

पायरी ४: सर्व्हरच मालक

खेळणाऱ्याच्या फोनवर किंवा ब्राउझरवर कधीच विश्वास ठेवू नका. फोन फक्त म्हणतो "मला हे पान टाकायचं आहे", टाकता येते की नाही ते सर्व्हर ठरवतो. हे सगळ्यांना माहीत असते. पण दुसरी अर्धी गोष्ट लोक विसरतात: जे दाखवायचं नाही ते पाठवायचंच नाही. चौघांचे हात सगळ्यांना पाठवून स्क्रीनवर फक्त पानांची पाठ दाखवली तर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून कोणतंही हॉस्टेलचं पोट्टं दोन मिनिटांत सगळे पत्ते वाचते. म्हणून प्रत्येकासाठी वेगळा निरोप बनवा: तुझी पानं ही, बाकीच्यांकडे इतकी-इतकी पानं, टेबलावर हे. बाजूला उभं राहून पाहणाऱ्याला तर एकाचाही हात द्यायचा नाही, नाहीतर दुसऱ्या अकाउंटनं बघ्या बनून लोक डाव पाहतात.

पायरी ५: पिसणं

इथे जरा थांबा, कारण इथली चूक दिसत नाही. बरोबर पद्धत फिशर-येट्स, तिचं कॉम्प्युटरवरचं रूप १९६४ पासून माहीत आहे. शेवटच्या पानापासून सुरू करा, त्याच्यासकट त्याच्या आधीच्या सगळ्या पानांतून एक रँडम निवडा, अदलाबदल करा, एक पान सुरुवातीकडे सरका. इतकंच. नवखे लोक काय करतात, प्रत्येक पानाची पूर्ण ५२ मधून कोणत्याही पानाशी अदलाबदल करतात. दिसायला सारखंच आहे पण तीन पानांवर करून पहा: वाटा ३ × ३ × ३ म्हणजे २७, अन् क्रम फक्त ६. सत्तावीसला सहानं भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त येणारच. सॉर्टच्या आत रँडम टाकून पिसणं तर अजून वाईट.

दुसरी गोष्ट रँडम कुठून येते. ५२ पानांचे क्रम साधारण ८ च्या पुढे ६७ शून्यं इतके आहेत, अन् ३२ बिटच्या बीजातून (ज्या एका आकड्यावरून पुढचे सगळे रँडम आकडे निघतात ते बीज) जास्तीत जास्त ४२९ कोटीच निघतात. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या सॉफ्टवेअरमध्ये बीज म्हणून मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद वापरले होते, म्हणजे दिवसाला फक्त ८ कोटी ६४ लाख शक्यता. संशोधकांनी सर्व्हरच्या घड्याळाशी घड्याळ जुळवून त्या अजून कमी केल्या अन् पाच पानं पाहून सगळ्यांचे हात ओळखून दाखवले. तुम्ही साधं रँडम वापरू नका, पायथॉनमध्ये सीक्रेट्स मॉड्यूल आहे, नोडमध्ये क्रिप्टोमधलं रँडमइंट आहे, तेच घ्या.

तरी पण कोणीतरी म्हणणारच, सर्व्हर फिक्स आहे बे, त्यालाच सगळ्या दश्श्या जातात. त्यासाठी प्रत्येक डावाचा पिसलेला क्रम अन् सगळ्या चाली साठवून ठेवा. इंजिन वेगळं ठेवलं असल्यानं तो डाव जसाच्या तसा परत चालवून दाखवता येते. अजून पुढे जायचं तर डाव सुरू व्हायच्या आधी क्रम अधिक एक लांब रँडम मजकूर याचा एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा ठसा, ज्यावरून मूळ मजकूर काढता येत नाही) टेबलावर दाखवा, अन् डाव संपल्यावर दोन्ही उघडे करा, ज्याला शंका आहे तो स्वतः ताडून पाहील. यानं एवढंच सिद्ध होते की मधात पत्ते बदलले नाहीत, पिसणं चांगलं होतं हे सिद्ध होत नाही, पण भांडणं बरीच मिटतात.

पायरी ६: टेबल (इथेच खरं काम)

टेबलाच्या अवस्था लिहून काढा: रिकामं, भरतं आहे, चालू, थांबलेलं, संपलेलं. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येते त्याचे बाण काढा, अन् जे बाण नाहीत ते कोडमध्ये पण होऊ देऊ नका. मग एकेक प्रश्न घ्या.

पात्र टेबलावर बसलं असताना गावावर दरोडेखोर आले तर? मी म्हणतो सराई म्हणजे सुरक्षित जागा, बसलेल्या पात्राला कोणी हात लावू शकत नाही. पण मग लोक मारामारीतून पळून टेबलावर येऊन बसतात, म्हणून मारामारी संपून थोडा वेळ होईपर्यंत बसायलाच देऊ नका.

पाळीला टायमर पाहिजेच, ३० सेकंद पुरतात. वेळ संपली तर डाव रद्द करू नका, सर्व्हरनं चालणारं सगळ्यात छोटं पान टाकावं, तिघांचा डाव एकामुळे का बुडवायचा. नेट गेलं तर वेगळी सवलत द्या, दीड-दोन मिनिटं, कारण आपल्याकडे लाईट गेली की वायफाय जाते, कोणी बर्डीला मेट्रो बदलून राहिला असते अन् वायफायवरून मोबाइल डेटावर उडी पडते. परत आल्यावर त्याला मधल्या चाली एकेक पाठवू नका, पूर्ण ताजी स्थिती एकाच वेळी पाठवा, हे सोपं पण आहे अन् चुका पण कमी होतात. तो आलाच नाही तर बॉट बसवा.

आता तो चालीचा नंबर. नेट हळू असलं की लोक बटण दोन-दोनदा दाबतात, अन् सर्व्हरला तीच चाल दोनदा मिळते. फोननं चाल पाठवताना "ही १७ वी चाल आहे" असं सांगायचं, सर्व्हर अठराव्यावर पोचला असेल तर दुसरी चाल गुपचूप टाकून द्यायची. एवढ्या एका आकड्यानं कितीतरी भुतं पळतात.

बॉट हुशार नको. मेंढीकोटसाठी: हात आपल्याकडे येत असेल तर भिडूची दश्शी सोडवा, नसेल तर छोटं पान, उगाच हुकूम मारू नका. बाघचालसाठी दोन-तीन चाली पुढचं पाहणारा मिनिमॅक्स (समोरचा त्याची सगळ्यात चांगली चाल खेळेल असं धरून आपली चाल निवडायची पद्धत) पुरतो. बॉटच्या नावापुढे बॉट लिहा, माणूस म्हणून खपवू नका.

भिडूंची लबाडी थांबवता येत नाही, सरळ सांगतो. दोघं फोनवर बोलत खेळले तर तुम्हाला कसं कळणार? घरात डोळा मारतात, इथे व्हॉट्सअ‍ॅप. त्यामुळे ओळखीच्यांचं टेबल वेगळं ठेवा अन् ज्या टेबलाचे गुण मोजले जातात तिथे भिडू सर्व्हरनं वाटायचे.

पायरी ७: पैसा

इथे मजाक नाही. केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा २०२५ चा आहे, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे किंवा दुसरं काही लावून बदल्यात काही जिंकायची आशा असेल तो ऑनलाइन मनी गेम, अन् तो चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद तिथे कामी येत नाही. अन् "दुसरं काही" मध्ये पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, वस्तू सगळं येते, आभासी असली तरी. म्हणजे तुमच्या गेममध्ये सोन्याच्या मोहरा रुपये देऊन विकत मिळत असतील अन् त्याच मोहरा टेबलावर लावता येत असतील तर तुम्ही नेमके त्याच खड्ड्यात. तीन पत्ती अन् रमीला नको म्हटलं ते म्हणूनच, ते खेळ डाव लावल्याशिवाय रंगतच नाहीत अन् लोक पहिल्याच दिवशी विचारतात किती लावायचे. मेंढीकोट मात्र नुसत्या इज्जतीवर तासन्‌तास चालतो. तुमच्या गेममध्ये पैशाची कोणतीही उलाढाल असेल तर वकिलाला दाखवून घ्या.

माझा सल्ला, टेबलावर काहीच लावू देऊ नका. बक्षीस द्या ते विकता न येणारं: पात्राला किताब, पानांच्या पाठीची नवी नक्षी, सराईच्या भिंतीवर नाव. अन् रोजची मर्यादा ठेवा, नाहीतर एकच माणूस चार अकाउंट उघडून स्वतःशीच खेळून किताब गोळा करते.

पायरी ८: दुनियेत बसवा अन् स्क्रीन बनवा

तुमचा गेम जुन्या काळातला असेल, समजा बख्त बुलंद शाहाच्या वेळचं १७०२ चं नागपूर, तर इस्पिक-बदामचा कॅट तिथे जरा विचित्र दिसते. त्या काळाला गंजिफा शोभतो, गोल पानं, सावंतवाडीला आजही बनतात. पण दशावतारी गंजिफ्यात १० रंग अन् प्रत्येकी १२ म्हणजे १२० पानं असतात, फोनवर ते कोणी शिकणार नाही. नक्षी गंजिफ्याची घ्या, खेळ ५२ चाच ठेवा.

फोनची स्क्रीन साधारण ३६० पिक्सेल रुंद धरा. १३ पानं एका ओळीत ठेवली तर प्रत्येकाची २७ चीच पट्टी दिसते, बोटाला ४८ च्या आसपास लागते, म्हणून ७ अन् ६ अशा दोन ओळी करा, बरोबर बसते. चौकट निळी अन् किलवर हिरवी करायची सोय द्या, रंग ओळखायला त्रास होणाऱ्यांना बरं पडते. जे पान टाकता येत नाही ते फिकट दाखवा, यानं नवीन माणूस नियम न वाचताच शिकतो.

पायरी ९: टेस्ट अन् सुरुवात

रात्री झोपताना बॉट विरुद्ध बॉट दहा हजार डाव लावून द्या, अन् प्रत्येक चालीनंतर तपासा: एकूण पानं ५२ च आहेत का, कोणतं पान दोनदा आलं का, दोन्ही बाजूंचे हात मिळून शेवटी १३ अन् दश्श्या ४ होतात का. जिथे फुटेल तो डाव साठवलेला आहेच, सकाळी पहा. मग खरी माणसं बसवा, अन् एकाला मुद्दाम डाव चालू असताना फोन एअरप्लेन मोडवर टाकायला सांगा.

सुरू करताना दहा टेबलं लावू नका. वीस-तीस लोकांच्या गेममध्ये दहा टेबलं म्हणजे दहाही रिकामी. एक टेबल, रात्री ९ ते १० ची ठरलेली वेळ, अन् गावच्या चॅटमध्ये एक ओळ आपोआप पडू द्या: "सराईत तिघं बसले आहेत, चौथा भिडू पाहिजे". ती ओळ दाबली की पात्र सरळ खुर्चीवर. दोन मिनिटांत कोणी नाही आलं तर बॉट बसवून पत्ते वाटून टाका, अन् डाव संपला की बॉटची खुर्ची आधी रिकामी करा.